उकळतं तेल, पोकळ दगड आणि सहीचा कागद

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. एमआय फाइव्ह या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर खात्यावरची मालिका 'स्पूक्स' अतिरंजित म्हणून झोडपायची आणि ल कारेच्या कादंबरीवरची हेरमालिका 'टिंकर टेलर' संथ असूनही डोक्यावर घ्यायची, हा दुटप्पीपणा झाला, असं तुमचं म्हणणं. शिवाय, "खरं हेरखातं तुम्ही कुठे पाहिलंय?" नाही पाहिलं, कबूल.

दुसरी कबुली. 'स्पूक्स'च्या उकळत्या तेलाच्या प्रसंगावरचे माझे ताशेरे मागे घेतो. २००२ साली मालिकेच्या दुसऱ्याच भागात हेलन या अधिकारी पात्राचा उकळत्या तेलात शेवट झाला आणि बीबीसीकडे तक्रारी गेल्या. पण विचित्र म्हणून खोटं, असं म्हणायची सोय खऱ्या हेरांनीच ठेवलेली नाही. १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बल्गेरियन बंडखोर लेखक मार्कोव्हच्या मांडीत रिसिन या विषाची बारीकशी गोळी घुसवली गेली. २००६ मध्ये माजी रशियन हेर लिटविनेन्कोच्या चहात किरणोत्सारी पोलोनियम होतं. त्याच वर्षी रशियनांनी आरोप केला, की ब्रिटिश हेर मॉस्कोतल्या एका बागेत पोकळ दगडात यंत्र लपवून निरोप पोचवतात. पंतप्रधान ब्लेअर यांच्या तेव्हाच्या चीफ ऑफ स्टाफनी २०१२ मध्ये ते मान्यही केलं! हाच दगड मालिकेत दिसता, तर मी खो खो हसलो असतो.

माझं भांडण आहे ते अधिकारांशी. एमआय फाइव्हच्या अधिकाऱ्याला कुणाला अटक करता येत नाही, ते काम पोलिसांचं. फोन ऐकायचा तर मंत्र्याची सही लागते. 'स्पूक्स'मध्ये चार-पाच जण पाळत ठेवतात, दार फोडतात, बॉम्ब निकामी करतात आणि तासाभरात लंडन वाचवून मोकळे होतात. हेरगिरीतला खरा ताण त्या सहीची वाट बघण्यात असतो आणि इथे तोच गायब.

उलट, 'सँडबॅगर्स' या जुन्या ब्रिटिश हेरमालिकेचे वीसही भाग बघा. तिचा नायक बर्नसाइड शत्रूपेक्षा स्वतःच्या वरिष्ठांशीच जास्त लढतो. (मालिकेचा कर्ता इयन मॅकिंटॉश आधी नौदलात होता. १९७९ च्या जुलैत अलास्काजवळ त्याचं विमान बेपत्ता झालं. असा शेवट कुणी लिहिला असता तर आपण दोघांनीही नाकं मुरडली असती.)

आता 'टिंकर टेलर'चा संथपणा. अ‍ॅलेक गिनेसने साकारलेला हेर स्मायली खात्यातला घरभेदी शोधायला फायली चाळत बसतो, खरंच. पण ती मालिका १९७९ च्या ऑक्टोबरात संपली आणि नोव्हेंबरात थॅचरबाईंनी संसदेत सांगितलं, की राणीच्या चित्रसंग्रहाची देखभाल केलेला अँथनी ब्लंट सोव्हिएत हेर होता. त्याने कबुली दिली होती १९६४ मध्ये! पंधरा वर्षं ती दाबून ठेवलेली. घरभेद्याच्या गोष्टीचा वेग हाच असतो.

तरी एका बाबतीत तुमचंच खरं. ल कारे स्वतः एमआय फाइव्ह आणि परदेशी हेरगिरीचं एमआय सिक्स अशा दोन्ही खात्यांत काम केलेला माणूस, पण त्याच्या हेरांच्या तोंडची परिभाषा बरीचशी त्यानेच घडवलेली. सरकारी नोकर इतकं नेमकं बोलत असतील, यावर माझाही विश्वास नाही.

'सँडबॅगर्स' मिळवा, मग पुन्हा भांडू. सुरुवातीचे भाग जरा दमाने घ्या, निम्मा वेळ माणसं बंद खोल्यांत नुसती बोलत असतात.