चुन्याची रेघ आधी, ड्रोन नंतर

काल रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. वर 'डोळे उघडा'. मामा बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतात, गुजरातेतल्या नर्मदा जिल्ह्यातल्या आदिवासी डेडियापाड्याला कधी गेलेले नाहीत. मजकूर असा: ड्रोन-उपग्रह असताना गावकऱ्यांना रांगोळीने नकाशे काढायला लावणं ही उधळपट्टी, अडाण्यांना नकाशा कळत नाही, आदिवासी त्यात जंगलाची जमीन वाढवून दाखवतात, परवानगीशिवाय नकाशा काढणं गुन्हा, आणि हे नकाशे शेवटी अडगळीत जातात.

अडगळीचं बरंचसं खरं आहे. प्रकल्प संपला की चार्ट पेपर कपाटावर आणि कपाट वाळवीला, हे मी पाहिलंय. नकाशा गावाकडे राहायला हवा, तो संस्था घेऊन जातात. गुन्ह्याचं मात्र सोडाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानेच नियम सैल केले, भारतीयांना नकाशा करायला आधी मंजुरी लागत नाही.

ड्रोनने मोजणी करणारी केंद्राची स्वामित्व योजना २०२० ची, तीही गावठाणापुरती, शेताची किंवा जंगलाची नव्हे. त्यातही ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना टाकावा लागतो, आणि कुठे टाकायचा हे लोकच दाखवतात. म्हणजे रांगोळीच की!

अडाण्यांचं म्हणाल तर डेडियापाडा तालुक्यातल्या एका फळियात, म्हणजे वस्तीत, बायकांनी राखेने नदी काढली, चिंचोक्यांची घरं मांडली. आमच्या यादीत 'हातपंप: आहे' असं होतं. एका म्हातारीने पंपाचा खडा नदीपलीकडे सरकवला आणि मधे ओली काठी आडवी ठेवली. पावसाळ्यात तो पंप त्यांचा नसतोच. आम्ही शिकलेले बघत बसलो.

आता जमीन 'वाढवण्या'चं. याच वाक्याने लोकांच्या पोटावर पाय येतो. डोंगरउतारावरचं एकरभर शेत, मधे मोहाची झाडं राखलेली. वरून जंगलच दिसणार. गुजरातेत उपग्रहचित्र दाखवून अशा कसत्या जमिनीवरच्या वनहक्काचे दावे फेटाळले गेले. नर्मदा जिल्ह्यात आर्च वाहिनी या संस्थेबरोबर गावातली पोरं जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरली. एखाद्याने चार पावलं जास्त टाकली तर शेजारचाच ओरडतो, त्याचा बांध असतो ना! शिवाय वनहक्क कायद्यात कमाल ४ हेक्टर, आणि ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. वाढवणार किती?

याच संस्थेच्या याचिकेवर २०१३ मध्ये गुजरात हायकोर्टाने उपग्रहचित्र एकट्याने पुरेसं नाही असं म्हटलं आणि फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले. वनहक्काच्या नियमांत २०१२ पासून स्पष्ट लिहिलंय की उपग्रहचित्र पूरक, इतर पुराव्यांना पर्याय नव्हे. त्या इतर पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही येतो.

आणि मामा, आपल्या वाड्याच्या मागच्या भिंतीचा तंटा कसा मिटला होता? शेजारच्या आजींनी येऊन बोट दाखवलं, म्हणून.