डार्सीचं पत्र सिनेमात फार लवकर संपतं

जो राइटचा २००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' अतिशय देखणा सिनेमा आहे. किरा नाइटली, मॅथ्यू मॅकफेडन, दारियो मारियानेल्लीचं पियानोवरचं संगीत, डार्सीचं घर पेम्बर्ली म्हणून दाखवलेला चॅट्सवर्थचा राजेशाही वाडा, सगळं डोळ्यांत साठवावं असं. पण जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत जे घडतं, ते या सिनेमात घडत नाही. कादंबरीतली दोन हुशार माणसं, एलिझाबेथ बेनेट आणि डार्सी, एकमेकांबद्दल साफ चुकतात आणि ती चूक पचवताना बदलतात. सिनेमातली दोघं पहिल्या नजरेपासूनच एकमेकांकडे ओढली जातात, फक्त मध्ये अडचणी येत राहतात. तीही गोष्ट चांगलीच आहे, पण ती ऑस्टिनची नाही.

वेळेचं गणित आधी मान्य करू. कादंबरीची प्रकरणं ६१ आणि सिनेमा दोन तास नि वर काही मिनिटांचा. म्हणजे एका प्रकरणाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटं. बीबीसीच्या १९९५ च्या मालिकेला सहा भाग मिळाले होते, त्यामुळे तिच्याशी तुलना करून या सिनेमाला झोडपण्यात अर्थ नाही. कात्री लागणारच होती. डार्सीचा मित्र बिंगलीची लग्न झालेली बहीण आणि तिचा नवरा पूर्ण उडवले, कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते विकमला कापल्यामुळे. कादंबरीत विकम हा गोडबोल्या लष्करी अधिकारी एलिझाबेथबरोबर वाचकालाही गंडवतो. १६व्या प्रकरणात पत्त्यांचा डाव रंगलेला असताना तो तिच्या शेजारी बसून डार्सीने आपला हक्क कसा बुडवला ते सांगतो, आणि पुढची वीस प्रकरणं आपण ते खरं धरून चालतो. सिनेमात त्याच्या वाट्याला काय येतं? फितींचं दुकान, झाडाखालचं थोडं बोलणं, आणखी एखाद-दुसरा प्रसंग. त्याच्यावर विश्वास बसायलाच वेळ मिळत नाही. मग डार्सीचं पत्र आल्यावर उलटायचं तरी काय?

हे पत्र म्हणजे कादंबरीचा कणा. ३५व्या प्रकरणात पत्र आणि ३६वं प्रकरण अख्खं ते वाचण्याचं. वाचण्याची पद्धत नीट बघा, कारण ऑस्टिनची खरी करामत तिथे आहे. पत्रात आधी एलिझाबेथची थोरली बहीण जेन आणि बिंगलीची ताटातूट, मग विकम. पहिला भाग एलिझाबेथ रागाने, घाईघाईने वाचते. विकमचा भाग वाचून 'हे खोटंच असणार' म्हणत पत्र मिटते. अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. मग एकेक वाक्य तोलू लागते. पहिल्याच ओळखीत, एका तिऱ्हाईत मुलीला हा माणूस इतक्या खासगी गोष्टी का सांगत होता? डार्सीला घाबरत नाही म्हणाला, मग बिंगलीच्या नेदरफील्डच्या घरच्या नाचाला का आला नाही? डार्सीच्या वडिलांचा मान राखून गप्प आहे म्हणाला, मग डार्सी गावातून जाताच गावभर बभ्रा कसा झाला? हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच घडलेलं असतं. नवा पुरावा जवळजवळ नाहीच, फक्त जुनं पुन्हा वाचलं जातं. त्यानंतर ती जेनचा भाग परत वाचते आणि तोही आता वेगळा लागतो. दोन तास ती त्या वाटेवर भटकत राहते.

सिनेमात एलिझाबेथ आरशासमोर उभी असते, डार्सी पत्र ठेवून जातो आणि त्याच्या आवाजात मजकूर ऐकू येतो. दृश्य सुंदर आहे, नाइटलीचा चेहराही बोलतो. पण ऐकणं आणि उलटतपासणी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमातल्या एलिझाबेथला माहिती मिळते. कादंबरीतली एलिझाबेथ स्वतःला पकडते.

आता डार्सीची लग्नाची पहिली मागणी. कादंबरीत ती ३४व्या प्रकरणात, संध्याकाळी, बेनेटांचा नातलग असलेल्या पाद्री कॉलिन्सच्या घरात चार भिंतींच्या आत घातली जाते. डार्सी बसतो, उठतो, फेऱ्या मारतो, काही मिनिटं गप्प राहतो आणि मग बोलतो. प्रेमाबरोबर तिच्या घराण्याचा कमीपणाही तितक्याच तपशिलाने सांगतो. वर होकाराची त्याला पक्की खात्री असते, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. एलिझाबेथला जास्त झोंबते ती ही खात्री. सिनेमात हा प्रसंग स्टूरहेड या इंग्लंडमधल्या बागेतल्या देवळात, धो धो पावसात होतो. मॅकफेडनचा डार्सी भिजलेला, धाप लागलेला, आधीच हरल्यासारखा. भांडता भांडता दोघं इतकी जवळ येतात की आता चुंबन घेणार असं वाटतं. बघताना अंगावर काटा येतो, मान्य. पण मग तिचा नकार हा नकार राहत नाही.

सिनेमातला डार्सी लाजाळू आहे, आणि लाजाळू माणसाला बदलावं लागत नाही, फक्त समजून घ्यावं लागतं. कादंबरीतला डार्सी खरोखर गर्विष्ठ आहे. ५८व्या प्रकरणात तो ते स्वतः बोलून दाखवतो: लहानपणी चांगली तत्त्वं शिकवली, पण ती घमेंडीत पाळायला मोकळं सोडलं, आणि आठव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत मी तसाच राहिलो. तू सभ्य माणसासारखा वागला असतास तर, हे तिचं वाक्य त्याला कित्येक महिने छळत होतं. सिनेमात त्या जागी धुक्यातली पहाट आहे आणि तीनदा उच्चारलेलं प्रेम आहे. कबुलीजबाब गेला.

तरीही एका जागी या सिनेमाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. नेदरफील्डहून निघताना डार्सी एलिझाबेथला हात देऊन गाडीत चढवतो आणि वळतो. कॅमेरा त्याच्या पंजावर जातो आणि बोटं ताणली जातात. कादंबरीत हे नाही. तिथे १२व्या प्रकरणात वेगळंच आहे: शनिवारभरात तो तिच्याशी जेमतेम दहा शब्द बोलतो, अर्धा तास दोघंच खोलीत असताना पुस्तकातून मान वर करत नाही. आवरलेल्या ओढीची तीच गोष्ट राइटने एका हाताच्या हालचालीत आणली. रूपांतर असं व्हायला हवं. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट कॉलिन्सशी लग्न करते, तिचंही तसंच. कादंबरीत ती शांतपणे म्हणते की मला फक्त सुखाचं घर हवंय. सिनेमात ती सत्तावीस वर्षांची, पैसा नसलेली, घाबरलेली मुलगी आहे आणि ते बोलूनही दाखवते. दोन मिनिटांत त्या काळातल्या बायकांची कोंडी कळते.

घर मात्र फसलंय. बेनेटांच्या लाँगबोर्नच्या घरातून डुक्कर फिरतं. बेनेट काही गरीब शेतकरी नाहीत, वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न आहे. कोणत्या मुलीने स्वयंपाक केला असं कॉलिन्स विचारतो तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकीण आहे म्हणून मिसेस बेनेट त्याला सुनावते. त्यांची अडचण आजच्या गरिबीची नाही, उद्याची आहे. मालमत्ता पुरुष वारसाकडे जाणार, आणि एलिझाबेथच्या नावावर येणार हजार पौंड, तेही आई गेल्यावर. वडिलांनी वेळीच बचत केली नाही, हा ठपका ५०व्या प्रकरणात स्पष्ट आहे. सिनेमाने तो पुसून टाकला. डोनाल्ड सदरलँडचे मिस्टर बेनेट इतके लोभस आहेत की त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही.

ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांनी ३३ ते ३६ ही चार प्रकरणं सलग वाचावीत, मग १६वं पुन्हा. आणि सिनेमा बघायचा तर ब्रिटनमध्ये दाखवलेली आवृत्ती शोधा. अमेरिकेतल्या आवृत्तीत पेम्बर्लीवरचं चुंबनाचं एक जास्तीचं दृश्य जोडलंय, त्याची काही गरज नव्हती. ब्रिटनमधली आवृत्ती मिस्टर बेनेटच्या, उरलेल्या मुलींबद्दलच्या वाक्यावर संपते: मेरी किंवा किटीसाठी कुणी तरुण आले तर पाठवून दे, मला सवड आहे. हे वाक्य ५९व्या प्रकरणातही आहे.