हप्त्यावर नवी दुचाकी घेण्यापेक्षा २०१९ची नीट ठेवलेली बघा

लांबच्या टूरसाठी कोणती गाडी घेऊ, असं विचारणाऱ्या पोरांना मी एकच सांगतो. तुम्ही अंबाजोगाई, उदगीर, किनवट, गंगाखेडकडं राहत असाल आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब असेल, तर नवीच्या मागं लागू नका. चांगली जुनी घ्या आणि किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढे पैसे तिच्या कामासाठी बाजूला ठेवा.

नवीचा हिशोब एक्स-शोरूमवर थांबत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाडीला ४० टक्के जीएसटी आहे. वर रोड टॅक्स, आणि थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा. सोयाबीन-तुरीचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. बरं, नवीचा जादाचा वेग वापरणार कुठं? समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे.

रॉयल एनफील्डच्या हिमालयनचंच उदाहरण घ्या. जुनी ४११ सीसीची, हवा-तेलावर थंड होणारी, साधारण २४ बीएचपी ताकदीची. नवी ४५२ सीसीची, कूलंटवाली, ४० बीएचपीची. इंजिन म्हणून नवी सरस आहे, वादच नाही. पण जुनीचे टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट सेट करायची जागा, स्क्रू-नटाचे आहेत. तालुक्याचा हुशार मिस्त्री फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून तासाभरात सेट करून देतो. माहूर नाहीतर नळदुर्गच्या वाटेवर गाडी अडली, तर मला ४० बीएचपीपेक्षा तो मिस्त्री मोलाचा वाटतो.

मॉडेलही बघून घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. या दोन्हींच्या मधल्या वर्षातली, म्हणजे एबीएस असलेली बीएस-६ आधीची गाडी मिळाली तर सोडू नका. एबीएस नसलेली कितीही स्वस्त असली तरी नको, घाटात पावसात त्याची किंमत कळते.

बघायला गेलात की मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. गाडी मधल्या स्टँडवर लावा, पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) पाइपवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं. मागच्या दातेरी चक्रावरून चेन बोटानं मागं ओढा. दात निम्मा उघडा पडला तर चेनसेट (चेन आणि दोन्ही चक्रं) नवाच लागणार. आपल्या काळ्या मातीत आणि धुळीत चेन लवकर संपते, म्हणून हे आधी बघायचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असलं कडक झालेलं रबर बदलायचं. हे सगळं किमतीतून वजा करून मगच भाव बोला.

सातबाऱ्यावरचा बोजा बघतो तसा आरसीवरचा बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि मालकानं गाडी आधीच चालू करून गरम ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला कसं वाजतं, ते स्वतःच्या कानानं ऐका.