धारोष्ण वेगळं, दारात आलेलं कच्चं दूध वेगळं

नमस्कार दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की दूध आल्या आल्या तापवा असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवतेय, तापवलं की दुधातला कस जातो, कोल्हापुरात धारोष्ण, म्हणजे धार काढल्या काढल्या कोमट असतानाच, दूध पिऊन पैलवान तयार झाले आणि तुमच्या घरच्या गायीचं कच्चं दूध फ्रीजमध्ये तीन दिवस मस्त टिकतं.

कोल्हापूरचं म्हणाल तर गंगावेशीला म्हैस समोर उभी असते, धार काढतात आणि फेसासकट ग्लास तिथल्या तिथे हातात देतात. आमच्यासारख्यांच्या दारात येणारं दूध तसं नसतं हो, ते पहाटे काढलेलं, बऱ्याच जनावरांचं एकत्र केलेलं, कॅनमधून गाडीवर फिरून आलेलं असतं, त्यातलं एक जनावर आजारी असलं तरी सगळा कॅन गेला. आयुर्वेदाचा दाखला दिलात, पण वाग्भटांनी अष्टांगहृदयात धारोष्ण अमृतासारखं म्हटलंय ना, तिथेच कच्चं दूध जड आणि नीट तापवलेलं हलकं असंही म्हटलंय, तेही सांगायला हवं.

आणि खरं सांगू, लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी धारोष्णसुद्धा देणार नाही. ब्रुसेलोसिस हा ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे होणारा आजार, त्यात जनावरं गाभडतात आणि माणसाला कच्च्या दुधातून झाला तर ताप कित्येक आठवडे येतो-जातो, सांधे दुखतात, लवकर निदानच होत नाही. सरकार २०१९ पासून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना याची लस देतंय ते उगाच नाही. हा जंतू दुधात असला तरी वास-चव बदलत नाही, त्यामुळे तीन दिवस नासलं नाही म्हणजे चांगलं असं नसतं. थंडीने जंतू मरत नाहीत, लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही वाढतो.

कसाचं म्हणाल तर प्रोटीन, कॅल्शियम कुठे जात नाही. बी १, बी १२, सी थोडं कमी होतं, पण सी दुधात मुळातच नावापुरतं. हां, तेच दूध दिवसातून चारदा खळखळ उकळू नये हे तुमचं अगदी मान्य.

मी काय करते, जाड बुडाचं पातेलं, मधून मधून ढवळायचं, दूध वर आलं की गॅस बारीक करून अजून दोन-तीन मिनिटं ठेवायचं कारण उतू जायला लागतं ते साईखाली वाफ कोंडून, तेवढ्यात सगळं दूध नीट उकळलंय असं नसतं. मग परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवायचं आणि गार झालं की फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, दरवाज्यात नाही. ओट्यावर रात्रभर ठेवू नका, काही जंतूंचे बीजाणू उकळूनही उरतात आणि कोमट दुधात परत वाढतात. कालचं आजच्यात ओतू नका, कितीही थोडं उरलेलं असलं तरी.

तुमची गाय घरची आहे तर जनावरांच्या डॉक्टरकडून एकदा ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, दुधावरून करायची रिंग टेस्ट असते आणि रक्ताचीही असते. रिपोर्ट येईपर्यंत तरी घरातल्या पोरांना तापवूनच द्या, प्लीज.