कड्यात चिप नसते: सिरपूरच्या बदकांबद्दलच्या मेसेजला उत्तर

थंडी पडली, सिरपूर आणि यशवंत सागर या तलावांवर तलवार बदकं उतरली की इंदूरच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘पायात कडं असलेलं बदक म्हणजे हेर. कड्यात चिप असते, उपग्रहावरून मिनिटामिनिटाला जागा कळते. कडं कापून पोलिसांत द्या.’

कड्यात चिप नसते, बॅटरीही नसते. पक्षी कुठून कुठे जातात हे पाहणारे अभ्यासक ते घालतात: हलक्या धातूची वळवलेली पट्टी, तिच्यावर क्रमांक आणि कळवायचा पत्ता, एवढंच. शेजारच्या धार संस्थानात 1920 च्या दशकात बदकांना अशी कडी घातली जात होती. तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता.

उपग्रहाशी संबंध असलेलं यंत्र वेगळं, ते पाठीवर दप्तरासारखं बांधतात. वजन साधारण पक्ष्याच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायचं: 800 ग्रॅमच्या तलवार बदकाला 24 ग्रॅम चालतं, 300 ग्रॅमच्या चक्रांग या लहान बदकाला जेमतेम 9. एवढ्यात बॅटरी इवलीशीच बसते. ती सौरपट्टीवर चार्ज होते, आणि पाठीची पिसं पट्टीवर आली की चार्जिंग मंदावतं. म्हणून जागा ठरावीक तासांनीच नोंदवली जाते. मोबाईल नेटवर्कवरचं यंत्र तर डोंगराळ, निर्जन भागात नोंदी साठवतं आणि टॉवर मिळाल्यावर एकदम पाठवतं. मग मिनिटामिनिटाला जागा कुठून कळणार?

कडं कापायचा सल्ला मात्र घातकच आहे. पकडीने कापताना बदकाची काडीसारखी तंगडी मोडू शकते. शिवाय रानबदक पकडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि माहितीचं काय? कड्यावरून दोनच जागा कळतात, कुठे घातलं आणि कुठे दिसलं. मधली वाट कळत नाही. ही दुसरी जागासुद्धा काठावरच्या कुणीतरी कळवली तरच हाती येते, कारण पोहणाऱ्या बदकाचे पाय पाण्याखाली असतात. क्रमांक वाचता येण्याचा योग विरळाच.

तो आलाच, तर लांबूनच फोटो काढा. आकडे कड्याभोवती गोल फिरलेले असतात, एका फोटोत अर्धेच येतात. पक्षी वळेल तसे चार-पाच घ्या. 6 आणि 9 ची गफलत नेहमीची, पत्त्याची अक्षरं सुलटी धरून आकडा वाचा. क्रमांकाच्या सुरुवातीला अक्षर असेल तर ते गाळू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. क्रमांक, तारीख, जागा आणि बदकाची जात कड्यावरच्या पत्त्यावर आणि वनविभागाला कळवा.