जळगावच्या केळीला ‘जागतिक पेटंट’? कुठलं काय!

रावेर-यावल पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा: “जळगाव केळीला जीआय म्हणजेच जागतिक पेटंट मिळालंय. आता जगात दुसरं कुणी ही केळी लावू किंवा विकू शकणार नाही. अमेरिकेनं हळद पळवली तसं आता चालणार नाही, सरळ आंतरराष्ट्रीय कोर्टात केस! पण सावधान, याच जागतिक करारामुळे घरचं बियाणं ठेवलं तर कंपनी शेतकऱ्याला जेलमध्ये टाकू शकते.” आधी छाती फुगवायची, मग घाबरवायचं. दोन्ही गोष्टी फोल आहेत.

‘जागतिक पेटंट’ नावाची वस्तू कुणाकडेच नाही. मोठ्यातल्या मोठ्या औषध कंपनीकडेही नाही. पेटंट सहकार्य करार नावाचा एक करार आहे, भारत त्यात १९९८ पासून आहे. त्यात एकाच अर्जावर दीडशेहून जास्त देशांत तुमची जागा धरून ठेवता येते, तीही साधारण तीस महिने. पुढे प्रत्येक देशात वेगळी फी, वेगळी तपासणी, आणि हो-नाही म्हणणार त्या-त्या देशाचं कार्यालय. शिवाय जीआय हे पेटंटच नव्हे. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं संरक्षण. जळगाव केळीची नोंद २०१६ ची, निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर, भारताच्या १९९९ च्या कायद्याखाली. नोंदणी कार्यालय चेन्नईत. या कायद्याचा हात देशाच्या हद्दीपर्यंतच पोचतो.

मग परदेशात काय? मेसेज लिहिणाऱ्याला खरंच राग यायला हवा होता तो इथे. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेबरोबर पेटंट, ट्रेडमार्क अशा बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. त्यानं भौगोलिक नावांना संरक्षण दिलं खरं, पण पंगतीत दोन रांगा केल्या. पहिल्या रांगेत वाइन आणि मद्य. फ्रान्सच्या शॅम्पेन भागाबाहेरच्या वाइनवर ‘शॅम्पेनसारखी’ असंही लिहायचं नाही, मग ती कुठून आली हे ठळक छापलेलं असलं तरी. बाकी सगळे दुसऱ्या रांगेत: आपली केळी, भरताचं वांगं, पैठणी, सगळं. तिथे ‘ग्राहकाची फसवणूक होतेय’ हे आपण सिद्ध करायचं. समजा, परदेशात कुणी स्वतःच्या शेतात वांगी पिकवली आणि खोक्यावर ‘जळगावसारखी भरताची वांगी’ असं छापून खाली त्याच्याच देशाचं नाव टाकलं, तर फसवणूक सिद्ध करता करता आपल्या नाकी नऊ येतील. मद्याला मिळतं ते संरक्षण इतर मालालाही द्या, ही मागणी भारतासह अनेक देश दोहा परिषदेपासून, म्हणजे २००१ पासून करताहेत. अजून घोंगडं भिजतंच आहे.

तरी मार्ग बंद नाही. ज्या बाजारात माल जातो तिथे नाव नोंदवायचं. दार्जिलिंग चहानं युरोपात ते २०११ साली केलं, कांगडा चहानं २०२३ साली. आपल्या केळीचा ओढा आखाताकडे. जीआय केळी दुबईला गेल्याची बातमी २०२१ सालीच झाली. म्हणजे अर्ज तिथे हवा. ब्रँडचं नाव आणि बोधचिन्ह असेल तर काम आणखी सोपं. ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद व्यवस्थेत भारत २०१३ पासून आहे, त्यामुळे भारतातल्या कार्यालयातूनच एका अर्जात अनेक देश निवडता येतात.

“कुणी लावू शकणार नाही” हे तर हसण्यावारी नेण्यासारखं. जीआय नाव राखतो, झाड नाही. बसराई-श्रीमंती या जुन्या वाणांचा जमाना मागे पडला. आज बागा बहुतेक टिश्यूकल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, ग्रँड नैन वाणाच्या, आणि ती जगभर लागते. रावेरहून सीमा ओलांडली की बऱ्हाणपुरातही तीच. लावायला बंदी घालता आली असती तर पहिल्यांदा आपल्याच रोपवाटिकांना टाळं लागलं असतं!

आणि नाव तरी आपण कितीसं वापरतो? निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये जाऊन बघा. घड उतरवून फण्या सुट्या करतात, पाण्यात धुतात, तेरा किलोच्या आसपासच्या खोक्यात बसवतात, वर स्टिकर चिकटवतात. ते असतं निर्यातदाराच्या किंवा खरेदीदाराच्या ब्रँडचं. उत्तरेच्या बाजारात तर आपला माल पिढ्यानपिढ्या ‘भुसावळचा’ म्हणूनच ओळखला गेला. जीआय नाव अधिकृतपणे लावायचं तर शेतकऱ्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करायची असते. केळी जळगावात पिकली एवढ्यानं ही नोंद आपोआप होत नाही. हे मात्र मेसेजमध्ये नाही.

आंतरराष्ट्रीय कोर्ट? जागतिक व्यापार संघटनेत भांडतात ती सरकारं. शेतकरी, गट किंवा कंपनीला तिथे दार नाही. आणि हळदीची लढाई कुठल्या जागतिक कोर्टात झालीच नव्हती. हळदीनं जखम भरण्याच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेनं अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयात ३२ जुने संदर्भ ठेवले, त्यात संस्कृत ग्रंथही होते, आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं. त्या काळातही इथे हळद लावायला कुणी अडवलं नव्हतं. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. युरोपचं पेटंट कार्यालय २००९ पासून ते तपासतं. मे २०२४ मध्ये जिनिव्हात आणखी एक करार मंजूर झाला: पेटंट मागताना वनस्पतीचं किंवा पारंपरिक ज्ञानाचं मूळ सांगायचं. पंधरा देशांनी रीतसर मान्यता दिल्यावर तो लागू होतो.

राहिलं बियाणं. ट्रिप्सनं वाणांना संरक्षण द्या म्हटलं, पण पेटंट किंवा स्वतःचा वेगळा कायदा यातलं निवडायची मुभा ठेवली. भारतानं २००१ साली स्वतःचा कायदा केला. त्याच्या कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. बटाट्याच्या संरक्षित वाणावरून एका बहुराष्ट्रीय कंपनीनं गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर खटले भरले होते, पण ओरड झाल्यावर २०१९ साली तिनं ते मागे घेतले. संकरित कपाशीचं सरकीचं बियाणं आपण ठेवत नाही ते दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत म्हणून.

कपाशीच्या हंगामात धाडी पडतात त्या ‘चोरबीटी’वर, त्याही पेटंटसाठी नव्हेत. तणनाशक सहन करणाऱ्या या बियाण्याला पर्यावरण कायद्याखालची मंजुरीच नाही. पाकिटावर ना खरी कंपनी, ना खरा लॉट नंबर, आणि पावती तर मिळतच नाही. उगवलं नाही तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवायची कुणाच्या नावानं?