मोठं इंजिन म्हणजे कमी पेट्रोल? जुनी बोट असेल त पहिले मागची फळी ठोकून पाहा

महिनाभरात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला, पवनीकडून आला, इटियाडोहकडून आला, आणि परवा आमच्याच घाटावरच्या एका पोट्ट्यानं मोबाईल पुढं करून विचारलं, दादा हे खरं आहे का. मेसेज थोडक्यात असा: जुन्या बोटीचं इंजिन बदलायचं असेल त जमेल तेवढं मोठं घ्या, मोठं इंजिन अर्ध्या रेसवर चालते म्हणून पेट्रोल कमी खाते. टू-स्ट्रोकच (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) घ्या, फोर-स्ट्रोक गावात दुरुस्त होत नाही. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, लांबच घ्या, पंखा जितका खोल तितका जोर. समुद्रावरचं सेकंडहँड अर्ध्या किमतीत मिळते, गोड्या पाण्यात त्याला दहा वर्षं काही होत नाही. पेट्रोल पंपावरचं कोणतंही चालते, रॉकेल मिसळलं तरी चालते.

खाली कोणाचं नाव नाही. पण हा मेसेज वाचून त्या पोट्ट्यानं बायकोच्या बचत गटातून कर्ज काढायचं ठरवलं होतं, २५ एचपीसाठी, अठरा फुटाच्या जुन्या फायबर बोटीवर. म्हणून लिहून राह्यलो. मी गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये जाळं टाकणाऱ्या घरचा आहे, आणि बारा वर्षांपासून मोटारपंप, फवारणीचे पंप आणि बोटीचे इंजिन खोलतो.

पहिला मुद्दा एचपीचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानंच होते, म्हणून थोडं लांबवून सांगतो. भरलेली बोट पाणी कापत जाते तोवर तिचा वेग इंजिन ठरवत नाही, तिची लांबी ठरवते. बोट चालली की नाकाजवळ एक लाट उठते आणि मागं दुसरी, वेग वाढला की या दोन लाटांतलं अंतर वाढत जाते, आणि ते बोटीच्या लांबीएवढं झालं की बोट स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते, नाक वर, मागची बाजू पाण्यात बसलेली. हिशोब सोपा आहे, बोटीची जेवढी लांबी पाण्याला टेकलेली आहे त्या फुटांचं वर्गमूळ काढा आणि अडीचनं गुणा, ताशी किलोमीटर निघते. सोळा फूट टेकत असेल त चार गुणिले अडीच, म्हणजे १० किलोमीटर. हा वेग दोन माणसं, जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन ८ एचपीचं इंजिन काढून देते. त्याच्या पुढं जायचं असेल त बोट पाण्यावर उचलून घसरली पाहिजे, त्याला बुड सपाट पाहिजे आणि वजन कमी पाहिजे. जुन्या बोटीत दोन्ही नसते, वर तिनं वर्षानुवर्षं पाणी पिऊन वजन वाढवलेलं असते ते वेगळंच.

आता अर्ध्या रेसची गोष्ट. कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर दर १० एचपीमागं तासाला साधारण पावणेचार लिटर पेट्रोल घेते. मेसेज म्हणते मोठं इंजिन हळू चालवा, वाचते. नाही वाचत. टू-स्ट्रोकमध्ये नवीन पेट्रोल आत येते त्याच वेळी जळालेला धूर बाहेर जात असते, दोन्ही वाटा एकदम उघड्या, त्यामुळं थोडं पेट्रोल न जळताच बाहेर निघून जाते, आणि हळू रेसवर हे जास्तच होते. घाटावर उभं राहून पाहा, हळू चालणाऱ्या मोठ्या इंजिनामागं पाण्यावर जो रंगीत तवंग दिसते तो तुमच्या पैशाचा आहे. प्लग काळा ओला होते, सकाळी दोरी ओढून ओढून खांदा जाते. अर्ध्या रेसवर बचतीची गोष्ट खरी आहे ती हलक्या, सपाट बुडाच्या, पळणाऱ्या बोटीवरच्या फोर-स्ट्रोकची, तिथून उचलून कोणीतरी आमच्या गळ्यात घातली.

हे मी पुस्तकातून नाही सांगून राह्यलो. कोरोनाच्या आदल्या वर्षी मी स्वतः बाबांच्या बोटीचं ८ चं इंजिन काढून एका व्यापाऱ्याकडून समुद्रावरचं २५ एचपी सेकंडहँड आणलं होतं. घाट ते जाळं जायला जेवढा वेळ आधी लागत होता त्यात दोन-चार मिनिटाचाच फरक पडला, आणि कॅन मात्र पहिले तीन दिवस जायचा तो दीड दिवसात रिकामा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी रेस दिली आणि मागून कडकड आवाज आला, वळून पाह्यलं त इंजिन झुकलेलं आणि फळीच्या कोपऱ्यातून पाणी आत. आम्ही काठाजवळ होतो म्हणून निभावलं. बाबा एका हातानं इंजिन धरून आणि मी टोपल्यानं पाणी उपसत काठाला लागलो.

म्हणून मेसेजमध्ये जी गोष्ट लिहिलीच नाही ती मी पहिले सांगतो, मागची फळी. इंजिनाचा सगळा जोर आणि सगळं वजन त्या एका फळीवर असते. फायबरच्या बोटीत बाहेरून फायबर दिसते पण आत प्लायवूड असते, आणि बोल्टच्या छिद्रातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते आतल्या आत सडते, वरून काहीच कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पूर्ण फळी ठोकत जा, चांगलं प्लाय टणटण वाजते, सडलेलं भद्द वाजते, ओल्या भिंतीवर ठोकल्यासारखं. मंग जुन्या इंजिनाचा एक बोल्ट काढून त्या छिद्रात बारीक तार घालून फिरवा. बाबांच्या बोटीत तार फिरवली त भुगा बाहेर आला, काळा, आणि मागून चहासारखं पाणी गळायला लागलं. दुसरी परीक्षा, इंजिन वर उचलून लॉक करा आणि त्याच्या पायावर हातानं वजन द्या, फळी थोडीही वाकताना दिसली त नवीन इंजिनाचे पैसे बाजूला ठेवा आणि पहिले फळी करा. आतलं सडकं प्लाय पूर्ण काढून, वाळवून, मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीनं चिकटवून वर फायबर, आणि प्रत्येक छिद्र आतून सील. नुसत्या शिकंजाच्या स्क्रूवर इंजिन सोडू नका, आरपार बोल्ट टाका आणि एक साखळी बांधा.

फळी मोजायची म्हटली त शाफ्टचा मुद्दा तिथंच सुटते. छोट्या इंजिनात शाफ्ट साधारण दोन मापात येते, १५ इंच आणि २० इंच. मोजायचं असं, फळीच्या मधोमध वरच्या कडेपासून खाली बुडापर्यंत सरळ टेप. १५-१६ इंच आलं त शॉर्ट, २० च्या आसपास आलं त लाँग, यात पसंतीचा प्रश्नच नाही. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती बुडाच्या बरोबरीला किंवा इंचभर खाली पाहिजे. पंधरा इंचाच्या फळीवर लाँग लावलं त ती पट्टी पाच इंच खाली जाते, पाय पाण्यात ब्रेकसारखा लागते आणि फळीवर ओढ जास्त पडते. आणि आमच्याइकडं खोल पंख्याचा अर्थ काय हे गोसेखुर्दच्या माणसाला सांगायची गरज नाही. गावं बुडाली तशी झाडंही बुडाली, बाभळी, मोह, आंबे पाण्याखाली तसेच उभे आहेत, होळीनंतर पाणी उतरायला लागलं की काल जिथून बोट गेली तिथंच आज खोड वितभर खाली असते. लहान इंजिनात बहुतेक पंख्याला पिन असते, मार बसला की पिन तुटते आणि गिअर वाचते. दोन पिना, पाना आणि पक्कड बोटीतच राहू द्या, आणि पिनेच्या जागी खिळा ठोकू नका, मंग पिनेऐवजी गिअर तुटते. उलट चूकही वाईटच, उंच फळीवर शॉर्ट लावलं त पंखा हवा ओढते, रेस नुसतीच वाढते आणि बोट जागेवर.

टू-स्ट्रोक फोर-स्ट्रोकच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी मान्य करतो. ८ एचपीचं टू-स्ट्रोक साधारण २७ किलोचं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ३८-४० च्या घरात. आमच्याइकडं चोरीच्या भीतीनं रात्री इंजिन खांद्यावर टाकून घरी न्यावं लागते, घाट चढून, त्या माणसाला हे बारा किलो कागदावर नाही कळत, कमरेला कळतात. पण गावात दुरुस्त होत नाही हे मात्र साफ खोटं. गावातला जो मिस्त्री स्प्लेंडर खोलते तो फोर-स्ट्रोकच खोलते ना जी? शेतातलं पेट्रोलवरचं पाण्याचं इंजिन, तेही आजकाल बहुतेक फोर-स्ट्रोकच. ८-१० एचपीच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकला साधा कार्बोरेटर असते, त्यात गावच्या मिस्त्रीला न समजण्यासारखं काही नाही. नेता-आणताना कोणत्या कुशीवर झोपवायचं ते तेवढं पाहून घ्या, चुकीच्या कुशीवर ठेवलं त ऑइल सिलिंडरमध्ये जाते. दिवसभर जाळ्यापाशी हळू फिरणारा असेल त फोर-स्ट्रोक पेट्रोलमध्ये वजनाची भरपाई करून देते. रोज घाट चढून न्यायचं असेल त टू-स्ट्रोक घ्या, पण ऑइल अंदाजानं ओतू नका. ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल म्हणजे लिटरला २० मिली, मापानं, आणि बोटीच्या इंजिनाचंच ऑइल, कारण पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल वेगळं असते.

समुद्रावरचं सेकंडहँड. गोडं पाणी पुढची झीज कमी करते, झालेली भरून काढत नाही. खाऱ्या पाण्याचं मीठ थंड करायच्या वाटांमध्ये साचून बसलेलं असते, इंजिन व्यापाऱ्याकडं ड्रममध्ये पाच मिनिटं छान चालते आणि भर दुपारी अर्धा तास ओढल्यावर तापते. घ्यायचंच असेल त तीन गोष्टी पाहा. दोन सिलिंडर असेल त दोन्हीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजनं मोजा, फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. मागून पाण्याची धार जोरात आणि सारखी पडते का ते निदान वीस मिनिटं पाहा, आणि काहीही झालं तरी थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (आतली पाती) नवीन टाका. तिसरं, खालच्या गिअरचा स्क्रू ढिला करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्या, दुधासारखं पांढरं असेल त आत पाणी शिरलेलं आहे. हे पाणी शिरते कुठून, ते जाळंवाल्यांनी नीट ऐका: जाळ्याचा तुटका नायलॉन धागा पंख्यामागं गुंडाळला जाते, फिरून फिरून सील कापते. माझ्या हातात येणारे अर्धे गिअर यामुळंच गेलेले असतात. महिन्यातून एकदा पंखा काढा, मागं पाहा, पाच मिनिटाचं काम आहे. आणि समुद्रावरून आलेल्या इंजिनावर गंज अडवायला जस्ताचा तुकडा लावलेला असेल, गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा लावा.

रॉकेलवर चालणारे बोटीचे इंजिन असतात, केरळात लय चालतात, पण ते त्यासाठीच बनवलेले असतात, कॉम्प्रेशन कमी, सुरू पेट्रोलवर करायचं, गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचं. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल मिसळलं त ठोके मारते, कार्बन धरते, पिस्टन जाते. एवढंच.

पंपावरचं कोणतंही पेट्रोल चालते, हेही खरं नाही. पंपावर आता जे मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि बोटीच्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं आहे. नवीन घेताना दुकानदाराला हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि बोटीतला कॅन म्हणजे दिवसरात्र दमट हवेत. पाणी एका हद्दीच्या वर गेलं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसते, आणि कॅनची नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला पहिले तेच जाते, ज्यात टू-स्ट्रोकचं ऑइलही नावापुरतंच असते. जुन्या कॅनमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी वेगळा थर दिसला त ते इंजिनात टाकू नका. दोन-तीन दिवसाचंच पेट्रोल आणा, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

पंखा मेसेजमध्ये नाहीच, पण जड जुन्या बोटीला तोच जास्त लागते. कंपनी जो देते तो बहुतेक हलक्या बोटीच्या हिशोबाचा असते. पिच म्हणजे पंखा एका फेरीत किती पुढं ढकलायला बनवला आहे ते, आणि कमी पिचचा पंखा म्हणजे डोंगर चढताना खालचा गिअर. पूर्ण रेसवर इंजिन पुस्तकात लिहिलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत) पोचत नसेल त पिच कमी करा.

मामा (माजी मालगुजारी) तलावात डोंगा आणि बांबू चालवणाऱ्यांनी इंजिनाच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. आणि ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी आधी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन बसा, मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती, महिलांना ६० टक्के मदत आहे, बोट बदलायचीही तरतूद आहे, योजना अजून चालू आहे का आणि कोणतं सामान बसते ते खरेदीच्या आधी विचारा. बचत गटाचं कर्ज त्याच्यानंतर.

त्या पोट्ट्याच्या बोटीची फळी आम्ही रविवारी ठोकून पाह्यली, डाव्या कोपऱ्यात हातभर भद्द वाजते. माप साडेपंधरा इंच. फळीचं काम सुरू केलं आहे. बाबांच्या बोटीवर नवीन फळी झाल्यापासून परत ८ चंच आहे, शॉर्ट शाफ्ट, कमी पिचचा पंखा, आणि काल सकाळी प्लग काढून पाह्यला त बिस्किटासारखा भुरा, कोरडा.